एका कलेत न मावणारी माणसं

एका कलेवर न थांबलेल्या माणसांविषयी हे पुस्तक आहे. चित्रं काढता काढता गाण्याकडे वळलेली, गाणं अर्ध्यावर ठेवून नाटकात शिरलेली, नाटकातून कॅमेऱ्यामागे गेलेली आणि कधीकधी सगळीकडे फिरून पुन्हा पहिल्या कोऱ्या कागदाशी येऊन बसलेली ही माणसं. घरच्यांच्या लेखी ती धरसोडीची. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण त्यांनी आईवडिलांपासून शाळामास्तरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकलेली असते. तिच्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. सहा महिन्यांत तबला, सहा महिन्यांत जलरंग असं करत कशाचाच घाम न गाळणारे लोक मीही पाहिले आहेत. पण त्यांच्याकडे बघून सगळ्यांचाच निकाल लावला, तर मराठी कलाव्यवहारातली कितीतरी मोठी माणसं त्या निकालात सापडतील. म्हणून या विषयाकडे नीट, सावकाश बघावं असं वाटलं.

ते बघणं बिरसीपासून सुरू करण्याला कारण आहे. गोंदिया शहराच्या ईशान्येला, कामठ्याजवळचं हे गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, १९४० मध्ये इंग्रजांनी इथे धावपट्टी बांधली. २००५ मध्ये ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली, पुढे वैमानिक प्रशिक्षण संस्था निघाली आणि मार्च २०२२ पासून प्रवासी विमानंही उतरू लागली. शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालतात, खाली येतात, चाकं टेकवतात आणि न थांबता परत उडतात. धुऱ्यावर बसलेली माणसं आता मान वर करूनही बघत नाहीत, इतकं ते अंगवळणी पडलं आहे. पण मला या भागाचं जे सांगायचं आहे ते विमानांचं नाही. धान कापून झाला, भाऊबीज उलटली, की इथे गावोगावच्या मंडया सुरू होतात, त्यांचं आहे.

ज्यांना मंडई म्हटलं की भाजीबाजार आठवतो त्यांच्यासाठी सांगायला हवं. गोंदिया-भंडाऱ्याकडे मंडई म्हणजे गावाची जत्रा. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, लग्नाच्या गोष्टी निघतात. दिवसा दंडार होते, कुठे खडी गंमत होते, ही इथली लोकनाट्यं, आणि रात्री नाटक. दहा-अकराला पडदा उघडतो तो पहाट होईपर्यंत खाली येत नाही. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा टापू म्हणजे झाडीपट्टी, आणि तिथली ही रंगभूमी सरकारी मदतीच्या आधाराने नव्हे, तर तिकीट काढून बसणाऱ्या शेतकऱ्यांच्या जिवावर टिकली आहे. देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा, हे तिचं आजचं ठाणं. तिथे नाटक मंडळांची कार्यालयं आहेत, तिथेच तारखा ठरतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे या झाडीपट्टीच्या नटाला पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

आता धंदेवाईक मंडळं झाली, पगारी नट-नट्या आल्या, दिव्यांची आणि ध्वनीची सामग्री ट्रकातून येऊ लागली. त्याच्या आधीचं चित्र निराळं होतं. गावातलेच लोक नाटक बसवत. पावसाळ्यात रोवणी आटोपली की संध्याकाळी कुणाच्या तरी ओसरीवर तालीम सुरू होई. अशा मंडळात माणसं मोजकी आणि कामं पुष्कळ. जो पेटी वाजवायचा तोच गाण्यांना चाली लावायचा. तोच हस्ताक्षर चांगलं म्हणून नाटकाची वही उतरवून काढायचा. ऐनवेळी कुणी आजारी पडला तर तोंडाला रंग लावून तोच उभा राहायचा. पडदाही बऱ्याचदा गावातलाच माणूस रंगवायचा.

पडद्याचं काम जरा जवळून सांगतो. मांजरपाटाचे पट्टे जोडून शिवायचे, चौकटीवर ताणायचे, त्यांना खळ द्यायची. सरस पाण्यात शिजवून त्यात खडूची पूड आणि रंग कालवायचा. सरस जास्त झाला तर पडदा गुंडाळताना रंगाचे पापुद्रे सुटतात, कमी झाला तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खांद्याला रंग लागतो. शिवाय हा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो. त्यामुळे उद्या काय दिसेल याचा अंदाज बांधून आज कुंचला मारायचा. राजवाड्याच्या खांबांची रांग अशी काढायची की शेवटच्या ओळीत, जमिनीवर बसलेल्या म्हातारीलाही ती खोल गेलेली दिसली पाहिजे. हे ज्याने एकदा केलं तो नट म्हणून त्याच पडद्यापुढे उभा राहतो तेव्हा त्याचं उभं राहणं बदलतं. कुठे उभं राहिलं की आपण राजवाड्यात दिसू आणि कुठे उभं राहिलं की कापडापुढे दिसू, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. एका कलेने दुसरीला काय दिलं ते मला इथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

माझं म्हणणं आहे ते एवढंच. अनेक कलांतून फिरणारा माणूस स्वतःला शोधत असतो हे खरं. पण तो स्वतःला सापडतो तो स्वतःकडे टक लावून बघताना नव्हे. एखादं काम त्याला पुरून उरतं, त्या कामाला त्याचे सगळे हात लागतात, तेव्हा तो सापडतो. झाडीतल्या त्या पेटीवाल्याने ‘माझी खरी कला कोणती’ असा प्रश्न कधी घातला नसेल. उद्याच्या नाटकाला काय कमी पडतं आहे, हा त्याचा प्रश्न होता. आणि तरी, गावाने त्याला ओळखलं ते त्याच्या चालींवरून, त्याच्या पडद्यावरच्या निळ्या रंगावरून. त्याचं स्वतःचं जे काही होतं ते या कामांतून बाहेर आलंच.

या भागाला ही गोष्ट नवी नाही. आमगावजवळ पदमपूर आहे, बिरसीहून फार लांब नाही. संस्कृत नाटककार भवभूतीने आपलं मूळ गाव विदर्भातलं पद्मपूर सांगितलं आहे, आणि ते हेच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी दाखवून दिलं. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. आठव्या शतकातला भवभूती वेदविद्येच्या घराण्यातला. व्याकरण, मीमांसा, न्याय यांत मुरलेला. पण ‘मालतीमाधवा’च्या सुरुवातीला तो सूत्रधाराच्या तोंडून जे सांगतो ते मला फार मोलाचं वाटतं. वेद, उपनिषदं, सांख्य, योग यांचं ज्ञान सांगत बसून नाटकाला काही गुण येत नाही, असं तो म्हणतो. शब्दांची प्रौढी आणि अर्थाचं वजन हवं. त्याच प्रस्तावनेत नटमंडळींशी त्याचा जिव्हाळा असल्याचाही उल्लेख आहे. आणि त्याची नाटकं झाली ती कालप्रियनाथाच्या यात्रेत, जमलेल्या लोकांपुढे. शास्त्रात नाव काढू शकणारा पंडित यात्रेच्या रंगमंचाकडे वळला, कारण जे म्हणायचं होतं ते शास्त्रात मावत नव्हतं. सीतेच्या त्यागानंतरच्या रामाचं दुःख न्यायशास्त्राच्या कुठल्या पोथीत मांडणार? त्यासाठी ‘उत्तररामचरित’च लागतं. आपल्या काळाने आपल्याला ओळखलं नाही याचं शल्य त्याला होतं, आणि पुढे कधीतरी, कुठेतरी आपल्यासारखाच कुणी जन्मेल हा भरवसाही होता.

या पुस्तकात सर्वांत जास्त पानं दादासाहेब फाळके यांना दिली आहेत, त्याबद्दल वाचकांनी तक्रार करू नये. अनेक वाटा तुडवणं म्हणजे काय, याचं इतकं पूर्ण उदाहरण मराठीत दुसरं मला माहीत नाही. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, मग बडोद्याच्या कलाभवनात. तैलरंग, जलरंग, वास्तूंचे नमुने, छायाचित्रण. रंगमंचाच्या एका नमुन्याला अहमदाबादच्या प्रदर्शनात पदक मिळालं. गोध्र्याला छायाचित्रांचं दुकान थाटलं. तिथे प्लेगने पत्नी आणि मूल गेलं. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली आणि ती स्वदेशीच्या दिवसांत सोडली. जादूचे प्रयोग शिकले, आपलंच आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते करूनही दाखवले. छापखाना काढला, तीनरंगी छपाईसाठी जर्मनीला जाऊन आले, आणि भागीदारांशी न पटल्याने चालता छापखाना सोडून घरी बसले. वय चाळिशीचं, हातात काही नाही. १९१० च्या सुमारास कुणी त्यांचं वर्णन लिहिलं असतं तर ‘हुशार, पण कशात टिकला नाही’ असंच लिहिलं असतं.

मग गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिला. तो पाहून बाहेर पडलेल्या माणसाला आपण आतापर्यंत जे जे शिकलो ते कशासाठी, हे कळलं असलं पाहिजे. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला. आधी एक छोटी फीत केली. कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला, कॅमेरा एका जागी रोवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर ते बी मिनिटभरात अंकुरलं, वेल होऊन वर चढलं. ती फीत दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं. या एका वाटाण्याच्या वेलात छायाचित्रकार आहे, जादूगार आहे, आणि छापखान्यात एकावर एक ठसे नेमके बसवण्याचा सराव असलेला कारागीरही आहे. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा त्यात पडदे रंगवणारा, वेशभूषा ठरवणारा, रसायनं कालवणारा माणूस एकच होता. आधीचा एकही व्यवसाय वाया गेलेला नव्हता. आणि त्याबरोबर त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंचं नाव घेतलंच पाहिजे. दागिने विकायला देणाऱ्या, चित्रणाला आलेल्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करणाऱ्या, रात्री फिल्मला छिद्रं पाडत बसणाऱ्या या बाईंशिवाय तो शोध अर्ध्यावर राहिला असता.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर याच वाटेचे. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता त्यांनी कॅमेरा स्वतः घडवला, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली, आणि दामले, फत्तेलाल, शांताराम यांची पिढी त्यांच्या हाताखाली तयार झाली. पुढच्या काळातले पु. ल. देशपांडे सगळ्यांच्या घरातलेच. ‘गुळाचा गणपती’ची कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका त्यांची, साल १९५३. अमोल पालेकर जे. जे.त चित्रकला शिकले, बँकेत नोकरी केली, नाटकात आणि सिनेमात गेले आणि उतारवयात पुन्हा चित्रांकडे आले. दिलीप चित्रे कवी, अनुवादक, चित्रकार. १९८३ मध्ये त्यांनी ‘गोदाम’ हा हिंदी चित्रपटही केला. १९९४ मध्ये साहित्य अकादमीने त्यांच्या कवितेला पुरस्कार दिला आणि त्यांच्या तुकारामाच्या इंग्रजी अनुवादालाही. दोन पुरस्कार, पण मला त्यांत एकच माणूस दिसतो. आपल्या वऱ्हाडातले वसंत आबाजी डहाके कविता लिहितात आणि रेखाचित्रंही काढतात. ज्या संग्रहाला अकादमीचा पुरस्कार मिळाला त्याचं नावच ‘चित्रलिपी’ आहे. यांच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून पुस्तकात मी थोडक्यात आवरलं आहे.

त्याऐवजी मारुती चितमपल्ली यांच्यापाशी रेंगाळलो. ते सोलापूरचे, वनखात्यातल्या नोकरीने त्यांना याच जिल्ह्यात, नवेगावबांधला आणलं. जंगल अधिकाऱ्याने झाडं मोजावीत, अहवाल लिहावेत, एवढ्यावर नोकरी भागत होती. त्यांना तेवढ्यावर थांबवेना. पक्षी बघायला लागले. जुन्या ग्रंथांत पक्ष्यांविषयी काय आहे ते कळावं म्हणून संस्कृत शिकले, जर्मन आणि रशियनही शिकले. हंसदेवाच्या ‘मृगपक्षिशास्त्रा’चा मराठी अनुवाद केला, कोश रचले, आणि या सगळ्यातून ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘नवेगावबांधचे दिवस’ यांसारखी पुस्तकं आली. त्यांना हे रान ज्यांनी वाचायला शिकवलं ते माधवराव पाटील डोंगरवार नवेगावचेच. त्यांची विद्या पुस्तकी नव्हती. पाऊलखुणांवरून, हाकेवरून, तळ्याच्या पाण्याच्या रंगावरून ते सांगत. चितमपल्लींना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांना कलावंत म्हणावं का, असा प्रश्न काही जण विचारतील. मी म्हणेन, एका माणसाने आपल्याला जे जाणवतं ते सांगण्यासाठी एवढ्या भाषा, एवढी शास्त्रं आणि एवढं रान पालथं घातलं, तर त्याला दुसरं काय म्हणायचं?

सरस्वतीबाई सोडल्या तर इथवर पुरुषांचीच नावं आली, हे वाचकांच्या लक्षात आलं असेल. ते माझ्या निवडीमुळे आलेलं नाही, परिस्थितीमुळे आलं आहे. नोकरी सोडणं, घर सोडणं, वर्ष-वर्ष काही न कमावता एखादी कला चाचपणं ही मोकळीक मुख्यतः पुरुषांना होती. झाडीतल्या जुन्या नाटकात बाईची भूमिकाही पुरुषच करत. बाया मात्र रोवणीच्या वेळी चिखलात वाकून तासन्‌तास गात होत्या, भुलाबाईची गाणी लेकींना शिकवत होत्या, भिंती सारवून त्यांवर चित्रं काढत होत्या, जात्यावर ओव्या रचत होत्या. एकाच बाईच्या हातून दिवसभरात चार कला होत, आणि तिच्या धांडोळ्याला कुणी शोध म्हणत नसे, काम म्हणत. ओवी रचणाऱ्या बाईचं नाव ओवीबरोबर उरलं नाही. याचा मला राग आहे, आणि तो पुस्तकात जागोजाग दिसेल. दुर्गाबाई भागवतांनी या अनाम बायांचं मोल ओळखलं होतं. त्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. मध्य प्रांतातल्या आदिवासींत हिंडल्या, लोकसाहित्य गोळा केलं, थोरोचं ‘वॉल्डन’ मराठीत आणलं, ‘ऋतुचक्र’ लिहिलं, आणि स्वयंपाक व भरतकाम ही त्यांची तितकीच आस्थेची क्षेत्रं होती. विद्वत्ता वरची आणि सुईदोरा खालचा, असं त्यांनी कधी मानलं नाही.

आजच्या मुलांचं काय? कामठ्याच्या बाजारात, गोंदियाच्या महाविद्यालयांत जी मुलंमुली दिसतात त्यांच्या खिशात कॅमेरा आहे, संपादनाची सोय आहे, गाणं ध्वनिमुद्रित करायची सोय आहे. फाळक्यांना विलायतेहून जे आणावं लागलं ते त्यांच्या तळहातावर आहे. सोमवारी नाच, मंगळवारी नक्कल, बुधवारी स्वतःची गाणी, असं ती करून बघतात, आणि मोठी माणसं नाकं मुरडतात. मी नाक मुरडणार नाही. करून बघायला हवंच. झाडीबोलीत, पोवारीत ही मुलं बोलून दाखवतात, गातात, तेव्हा मला फार बरं वाटतं. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी आणि दंडारीसाठी जे कष्ट घेतले त्यांचं चीज होतंय असं वाटतं. काळजी आहे ती एकाच गोष्टीची. मंडईतल्या नटापुढे लोक पहाटेपर्यंत बसलेले असतात. कंटाळले तर त्याच्या तोंडावर उठून जातात, आवडलं तर तेच गाणं परत म्हणायला लावतात. ही परीक्षा तीस सेकंदांच्या चित्रफितीला द्यावी लागत नाही. तालमीवाचून दहा कला हाताळल्या तर त्या एकमेकींना काही देत नाहीत. फाळके सगळीकडे हिंडले, पण जिथे गेले तिथलं काम हाताला येईपर्यंत राहिले. शिकावं किती, याचं उत्तर मला तरी हेच दिसतं: त्या कलेतली चूक आपली आपल्याला ओळखू येईपर्यंत.

पुढची प्रकरणं कुठल्याही क्रमाने वाचली तरी चालतील. त्यांत यश मिळालेल्यांच्या बरोबरीने यश न मिळालेल्यांनाही जागा आहे. नाटकमंडळी मोडल्यावर पेटी माळ्यावर ठेवून बिडीच्या कारखान्यात कामाला गेलेली माणसं या जिल्ह्यात होती. त्यांच्या कलेला घर मिळालं नाही, म्हणून त्यांचा शोध खोटा ठरत नाही.

एक विनंती करतो आणि थांबतो. झाडीपट्टीतल्या पुष्कळ घरांत जुन्या नाटकांच्या हाताने उतरवलेल्या वह्या अजून असतील. त्यांत संवाद असतात, गाण्यांच्या चालींच्या खुणा असतात, कुणाला कुठला शेला आणि कुणाला कुठला मुकुट याच्या याद्या असतात, मागच्या पानावर वर्गणीचा हिशेब असतो. मांडव काढताना, घर पाडून नवं बांधताना या वह्या रद्दीत जातात. त्या रद्दीत देऊ नका. पानांचे फोटो काढा, वही कुणी लिहिली, गाव कोणतं, मंडळात ती व्यक्ती आणखी काय काय करत होती, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्याच वहीत लिहून ठेवा. गावच्या शाळेत किंवा ग्रंथालयात त्याची एक प्रत द्या. सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत, म्हणून हे येत्या मंडईच्या आधी करा.

बिरसी, जि. गोंदिया